व्यायामाचा खाडा पडू न देता माथेरान कसं करावं

सहल म्हटली की भल्याभल्यांच्या व्यायामाचा खाडा पडतो. तुमचा पडता कामा नये. घरी पडतो ती गोष्ट वेगळी; घरी कामं असतात, पाहुणे असतात, पाण्याची वेळ असते. सहलीत मात्र वेळच वेळ, आणि हॉटेलच्या जाहिरातीत 'सुसज्ज जिम' हे शब्द मालकानं खास तुमच्यासाठीच छापलेले. तेव्हा पुढे सांगतो तसं तंतोतंत करा.

उदाहरणाला माथेरान घेऊ. मुद्दामच घेऊ, कारण व्यायाम करू इच्छिणाऱ्या माणसाची इतकी कसोटी पाहणारं दुसरं गाव नाही. तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे. सगळी वाहनं दस्तुरी नाक्याला थांबतात आणि पुढे तांबड्या मातीची वाट सुरू होते. गर्द झाडी, तीसेक पॉइंट, आठशे मीटर उंचीवरची हवा. म्हणजे नुसतं गावात राहायचं म्हटलं तरी माणसाला चालावं लागतं. अशानं जिमसाठी ताकद कुठून उरणार? ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून आले आणि त्यांना जागा आवडली, तिथून या गावाची कीर्ती सुरू झाली. मॅलेटसाहेबांच्या मनगटाला बँड नव्हता, त्यामुळे त्या दिवशी त्यांची पावलं किती झाली याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही, असा आपल्याकडे आता नियम आहे.

बॅग भरताना सुरुवात व्यायामाच्या सामानापासून करा. स्पोर्ट्स शूज (ते एकटेच अर्धी बॅग खातात), मॅट, ताणायचे रबरी बँड, उड्या मारायची दोरी, प्रोटीनचा डबा आणि ते घुसळायची बाटली. डंबेल्स न्यावेत की नाही यावर घरात मतभेद होतील. "अहो, तिकडे दगड काय कमी आहेत उचलायला?" असं म्हटलं जाईल. लक्ष देऊ नका. दगडावर किलो लिहिलेले नसतात.

सूर्यनमस्काराचा सल्ला देणारेही भेटतील. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. त्यांनी संस्थानातल्या शाळांतून ते सुरू केले, त्यांच्या प्रचारासाठी पुस्तक लिहिलं. सगळं मान्य. पण या व्यायामाला लागते काय, तर सहा फूट बाय दोन फूट जमीन, आणि ती हॉटेलच्या कुठल्याही खोलीत पलंग आणि टीव्ही यांच्या मधोमध सापडते. साहित्य नाही, फी नाही, मशीन नाही. हाच त्याचा मोठा दोष. बारा नमस्कार घालायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि मग उरलेल्या दिवसभर 'आज व्यायाम राहिला' असं म्हणत बसायचं सुख जातं ते जातंच. राजेसाहेबांना दौऱ्यावर जाताना हॉटेलच्या जिमचा फोटो ग्रुपवर टाकायचा नव्हता. आपल्याला आहे.

आता प्रवास. पुण्याहून निघालात तर कर्जतला वडा होईल. तो टाळू नका, रिकाम्या पोटी व्यायाम वाईट. व्यायामाला अजून सोळा-सतरा तास अवकाश आहे हे खरं, पण तयारी आधीपासूनच केलेली बरी.

दस्तुरी नाक्याला उतरलात की खरी सत्त्वपरीक्षा. इथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. रमतगमत गेलं तर पाऊण तास, आणि वाट सावलीची. पण तुम्ही चालायला आलेला नाहीत, वर्कआउट करायला आला आहात, आणि या दोहोंत पैशांचा फरक आहे. म्हणून आधी अमन लॉजच्या शटलगाडीच्या रांगेत उभे राहा. नेरळहून वर येणारी ही छोटी गाडी १९०७ पासूनची. तिचा हा शेवटचा तुकडा आजही पर्यटकांच्या पायांची काळजी वाहतो. रांगेत अर्धा-पाऊण तास गेला तरी हरकत नाही. तेवढ्या वेळात माणूस चालत पोचला असता, हा हिशेब पोरं करतील. त्यांना वेफर्सचं पाकीट द्या आणि माकडांपासून सांभाळायला सांगा.

पूर्वी हातरिक्षाही होती. माणसांनी ओढायची, माणसांनी ढकलायची, आणि आत बसलेल्या माणसानं 'काय शुद्ध हवा आहे' म्हणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ही पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितली, आणि जवळपास नव्वद किलोच्या कितीतरी आरोग्यप्रेमींची सोय गेली. ई-रिक्षा आहे म्हणा. पण खरं सांगायचं तर घोड्याला तोड नाही, आणि त्याचं कारण शास्त्रीय आहे. मनगटावरचा बँड पाय बघत नाही, तो फक्त हिसके मोजतो. घोडा दुडक्या चालीनं निघाला की हिसके बसतात तुम्हाला आणि बँड खुशाल पावलं मांडत सुटतो. चालतो घोडा, लगाम धरून सोबत पळतो घोडेवाला, आणि पावलं जमा होतात तुमच्या खात्यात. इको पॉइंट, शार्लट लेक, लुईझा पॉइंट असा फेरा मारून आलात की दहा हजारांच्या आकड्याकडे बरीच मजल गेलेली असते. हा दहा हजारांचा आकडाही काही वेदात सांगितलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच तो होता. आकडा निघालाच विक्रीतून, तर घोड्याच्या पायांनी तो पुरा करण्यात कसली लाज?

तुमची बॅग मात्र घोड्यावर लादू नका. तिच्यासाठी हमाल मावशी आहेत. पन्नाशीच्या असतील, पायात साध्या चपला असतील. तुमची बॅग डोक्यावर, दुसरी खांद्याला, पोरांची पिशवी हातात, अशा त्या झपाझप निघतात आणि तुम्ही हॉटेलवर पोचायच्या आत व्हरांड्यात येऊन बसलेल्या असतात. आधी पैशांची घासाघीस करा, मग काळजीनं सांगा, "मावशी, जरा जपून बरं का, आत डंबेल्स आहेत." ते डंबेल्स तीन किलोमीटर वाहून नेले गेले. दोन दिवसांनी ते तसेच परतही जातील. त्यांचा उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू नये. व्यायाम जगात वाया जात नाही. आपण नाही केला तर आपल्या वाटचा दुसरं कुणीतरी करतंच, फक्त सुटे पैसे जवळ हवेत.

हॉटेलात शिरल्याबरोबर जिम पाहून घ्या. कॅरम आणि टेबल टेनिसच्या खोलीला लागून असते. आत एक ट्रेडमिल, एक सायकल आणि पाच किलोचा एक डंबेल असतो. त्याचा जोडीदार कुठे गेला हे कुणालाच माहीत नसतं. बहुधा दार उघडं राहावं म्हणून कुठेतरी लावलेला असतो. ट्रेडमिल खिडकीकडे तोंड करून ठेवलेली असते आणि खिडकीबाहेर जंगलात जाणारी पायवाट दिसते. हे दृश्य पाहत पाहत पट्ट्यावर चालायचं. ज्या वाटेवरून घोड्यावर बसून आलो, तीच वाट काचेतून बघत जागच्या जागी चालण्यात जे समाधान आहे ते सांगून कळायचं नाही.

या यंत्राबद्दल थोडा आदर असू द्या. त्याचा पूर्वज विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८१८ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांसाठी बसवला. मोठं चाक, त्याला पायऱ्या. कैद्यांनी तासन् तास चढत राहायचं आणि वर कधीच पोचायचं नाही. पुढे ही शिक्षा माणसाला फार जाचक म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली. कैद्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, पण त्यांना एक गोष्ट सुचली नाही. त्या चाकाला टीव्ही आणि पाण्याची बाटली ठेवायची खोबण हवी होती. मग शिक्षेसाठी त्यांनी स्वतः पैसे भरले असते आणि वर्षाची फी एकदम भरून सवलतही घेतली असती.

ट्रेडमिलवर चढलात की पहिलं काम फोटोचं. आरशासमोर, फोन छातीशी, चेहरा दमलेला. घाम नसेल तर बेसिन जवळच असतं. लगेच टी-शर्ट बदलून दुसरा फोटो काढून ठेवा, तो उद्यासाठी. सायकलवर बसून तिसरा. साडेतीन मिनिटांत दोन दिवसांचा व्यायाम उरकतो आणि मन निर्धास्त होतं. फोटो टाकताना वेळ पहाटेची निवडा.

पहाटेवरून आठवलं. प्रत्येक सहलीत एक साडू असतो. (साडू नसेल तर आतेभाऊ.) तो न सांगता पाच वाजता उठतो, टॉर्च घेऊन पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय बघायला पायी जातो आणि तुम्ही चहाला येईपर्यंत परतही येतो. त्याच्याकडे बँड नाही, बूट मुलाचे जुने आहेत, आणि चेहऱ्यावर एक तुकतुकी असते ती सकाळी सकाळी बघवत नाही. "काय दादा, उद्या येताय का?" असं तो सगळ्यांदेखत विचारतो. घाबरू नका. त्याला शांतपणे विचारा, "गुडघ्यांचं काय म्हणतंय?" मग चाळिशीनंतर चढ-उतार कसा घातक, कुणाचा लिगामेंट कसा गेला, वॉर्मअप न करता चालणं किती धोक्याचं, हे सविस्तर सांगा. दोन कप चहा होईपर्यंत बोलत राहा. त्याला चालल्याचा नसेल इतका थकवा ऐकून येईल.

तरी तो बधला नाही तर जागतिक आरोग्य संघटना काढा. प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं ती म्हणते. हा आकडा आठवड्याचा आहे, सहल शुक्रवार ते रविवारची. सोमवार ते गुरुवार मोकळे आहेतच. शिवाय २०२० च्या नव्या मार्गदर्शनात सलग दहा मिनिटं तरी हवीतच ही जुनी अट त्यांनी काढून टाकली. शरीराची थोडीथोडकी हालचालही मोलाची, असं आता म्हणतात. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. आपण त्याचा अर्थ रिमोट आणायला उठणे असा घेऊ.

माथेरानातलं हॉटेल म्हणजे बहुतेक वेळा जेवणखाण धरूनच भाडं. इथे व्यायामाची गाठ थेट अर्थशास्त्राशी पडते. नाश्त्याला पोहे, उपमा, इडली, ब्रेड-बटर, ऑम्लेट आणि कोपऱ्यात शिरा. पैसे तर भरलेत. सडसडीत माणूस यातलं एकच काहीतरी खातो आणि उठतो, म्हणजे बाकीच्या पाच पदार्थांचे पैसे मालकाला सोडून येतो. असल्या उधळपट्टीला आरोग्य म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. अर्धा तास भरभर चाललं तर साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे कॅलरी खर्च होतात. तेवढ्या परत मिळवायला शिऱ्याची एक वाटी पुरते, तिला अर्धा तासही लागत नाही. ताटाच्या कडेला पपईच्या चार फोडी मात्र ठेवाच. खायलाच हव्यात असं नाही, फोटोत रंग चांगला येतो.

पोहण्याचा तलाव असेल तर कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून मेव्हण्याशी जागांच्या भावाविषयी बोलावं. पाण्याचा रोध असल्यामुळे बोलण्यालाही व्यायाम म्हणता येतं.

कामाच्या दौऱ्यावर असाल तर हे सगळं थोडक्यात उरकावं लागतं. विमानतळावर सरकत्या पट्ट्यावर ठाम उभे राहा, मागून चालत येणाऱ्यांना वाट देऊ नका. हॉटेलात गेल्यावर जिम किती वाजता उघडते ते रिसेप्शनला विचारा, शक्यतो साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात. पुढे काही करायची गरज नसते.

माथेरानला रात्री मात्र एक गोष्ट चुकवू नये, ती म्हणजे शतपावली. हा आपला खानदानी व्यायाम. रात्रीचं भरपेट जेवण आणि हौजीची शेवटची 'फुल हाउस' झाली की सगळं कुटुंब बाजारपेठेत निघतं. दोन्ही बाजूंना चिक्कीची आणि चामड्याच्या चपलांची दुकानं. पहिल्या दुकानात शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा चवीला घ्यावा. दहा पावलांवर दुसरं दुकान, तिथे तिळाची. पुढे काजूची, खोबऱ्याची, चॉकलेटची. सगळीकडे चव बघून 'येताना घेतो' म्हणावं. शतपावलीत पावलं शंभरच असल्यामुळे थांबे नीट आखावे लागतात. शेवटच्या दुकानात मात्र दोन किलो विकत घ्यावी लागते, एवढं खाल्ल्यावर माणसाला भीड पडतेच. परतीला चढ असतो. चढाला ई-रिक्षा मिळते का ते बघावं.

निघायच्या दिवशी हॉटेलवाल्याला ऑनलाइन अभिप्राय दिल्याशिवाय राहू नका. आपल्यामागून येणाऱ्या व्यायामप्रेमींचं आपण काही देणं लागतो. जेवण चांगलं, पण सॅलडमध्ये विविधता नव्हती, असं लिहा. जिममध्ये एकच डंबेल, हे ठळक अक्षरांत लिहा. जिना चढण्याचं मशीन असायला हवं होतं, आजकाल कुठेही असतं, या भाड्यात अपेक्षित आहे, असंही लिहा. आणि दोन तारे कापण्याचं कारण म्हणून शेवटी घाला की खोली पहिल्या मजल्यावर दिली होती आणि लिफ्ट नव्हती.