२८ थ्रेडची भुरळ: जुन्या झिऑनचा हिशोब

“नवा आय५ घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याच पैशात एक्स९९ बोर्ड, २८ थ्रेडचा झिऑन आणि ३२ जीबी ईसीसी रॅम येते. सर्व्हरचा माल आहे, चोवीस तास चालायला बनवलेला.” घरचा पीसी जुळवायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. त्यातला झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, बहुतेक वेळा २०१६ चा ई५-२६८० व्ही४ असतो: १४ कोअर, १२० वॅट. त्याच्यासमोर २०२२ चा साधा आय५-१२४०० ठेवू: ६ कोअर, १२ थ्रेड. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक कामकरी भाग; इथे दर कोअर एकाच वेळी दोन कामं हाताळतो, ते थ्रेड.)

“२८ विरुद्ध १२, यात बघायचं काय?”

बघायचं ते हे, की झिऑनच्या खोक्यावरचा ३.३ गिगाहर्ट्झ टर्बो (तात्पुरता वाढीव वेग) मोजकेच कोअर जागे असताना मिळतो. सगळे १४ कामाला लागले की वेग २.९ वर येतो. १२४०० एका कोअरवर ४.४ पर्यंत चढतो, शिवाय रचना नवी असल्याने घड्याळाच्या एका ठोक्यात तो कामही जास्त उरकतो. सिनेबेंच आर२३ च्या एक-कोअर चाचणीत त्याचे गुण झिऑनच्या जवळपास दुप्पट येतात. सगळे कोअर जुंपले तर दोघे थोडेफार पुढे-मागे. म्हणजे सहा कोअरची बरोबरी करायला चौदा लागतात.

आणि घरची कामं सगळे कोअर जुंपतातच कुठे? समजा एखाद्या कामाचा निम्मा भाग कोअरमध्ये वाटता येतो आणि निम्मा एकामागून एकच होतो. एकसारखे कोअर धरले तर ६ कोअरवर ते काम १.७१ पट वेगात होईल, १४ कोअरवर १.८७ पट. आठ जादा कोअरची कमाई फक्त ९ टक्के. ब्राउझर, टॅली, फोटोशॉपमधली बरीचशी कामं आणि बहुतेक गेम याच जातीचे. टास्क मॅनेजरमध्ये २८ चौकोन दिसतात छान, पण त्यातले वीस-बावीस झोपलेले असतात.

व्हिडिओ एडिटिंगचं कारण पुढे केलं जातं, तिथे तर गोष्ट उलटी आहे. झिऑनच्या ई५ मालिकेत प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स नसतं, त्यामुळे क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ झटपट उलगडण्याची इंटेलची सोयही नसते. मोबाईलवरचं एच.२६५ फुटेज प्रीमियरच्या टाइमलाइनवर टाकलं की १२४०० ते स्वतःच्या ग्राफिक्सवर उलगडतो. झिऑनवर वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं, नाहीतर स्क्रीनवर काही दिसणारच नाही. (नावामागे ‘एफ’ असलेला १२४००एफ घेतलात तर हा फायदा गेला, हेही लक्षात असू द्या.)

“सर्व्हरचा माल, मरत नाही.”

प्रोसेसर सहसा मरत नाही, खरंच. मरतो बोर्ड, आणि तो सर्व्हरचा नसतो. स्वस्तातल्या अनेक ‘एक्स९९’ बोर्डांवर एक्स९९ चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) नसतोच. जुन्या ऑफिस पीसींमधून काढलेला बी८५ किंवा क्यू८७ बसवलेला असतो. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर नावापुरता हीटसिंक असतो. मग रेंडर सुरू करून काही मिनिटं झाली की वेग धाडकन १.२ गिगाहर्ट्झवर येतो किंवा पीसी बंद पडतो, आणि दोष एसएमपीएसला, म्हणजे पीसीच्या वीजपुरवठ्याला दिला जातो. उपाय साधा आहे: उभ्या टॉवर कूलरची हवा व्हीआरएमला लागत नाही, म्हणून व्हीआरएमवर ८० मिमीचा एक वेगळा पंखा रोखा. स्लीपमधून पीसी उठत नसेल तर मात्र बायोस अपडेटची वाट बघू नका, तो बहुधा यायचा नाही.

“ईसीसी रॅममुळे पीसी क्रॅश होत नाही.”

ईसीसी म्हणजे साठवलेल्या माहितीतली चूक पकडणारी रॅम: एका बिटची चूक दुरुस्त करते, दोन बिटांची ओळखते. खराब ड्रायव्हर किंवा तापलेला व्हीआरएम तिच्या आवाक्याबाहेर. शिवाय सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रॅम रजिस्टर्ड (मध्ये एक जादा चिप असलेली, सर्व्हरसाठीची) असते. उद्या साध्या बोर्डावर गेलात तर डीडीआर४ ची पट्टी स्लॉटमध्ये बसेल, पण पीसी सुरू होणार नाही. लेबलवर ‘पीसी४-२४००टी-आर’ असं असेल तर ती रजिस्टर्ड, शेवटी ‘यू’ असेल तर साधी. दोन्ही एकत्र लावू नका. आणि चार चॅनेलचा (रॅमकडे जाणाऱ्या चार वाटांचा) वेग हवा तर चार पट्ट्या लागतात. एकाच पट्टीवर चालवलं तर पाव बँडविड्थ मिळते.

“विजेचा फरक किरकोळ आहे.”

वॉट-मीटर लावून दोन्हीकडचा फरक मोजा. तो ५० वॅट निघाला तर रोज ८ तासांनी महिन्याला १२ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढे टप्पा बदलतो, त्या सीमेवरच्या घराला हे जाणवतं. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, हेही धरा.

विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने ११ बसतं, पण अशा अनेक बोर्डांवर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) नसतं आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम त्याशिवाय चालत नाही.

मग झिऑन कोणी घ्यावा? ज्याच्या घरी लिनक्सवर चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एकाच पीसीत चालणारे आभासी पीसी) चालणार आहेत, ज्याला १२८ जीबी रॅम स्वस्तात हवी आहे, किंवा दोन-तीन कार्डं एकदम लावायची असल्याने ४० पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्डं जोडायच्या वाटा) लागणार आहेत, त्याने. त्यानेही दोन सॉकेटच्या बोर्डाचा मोह टाळावा, कारण एका प्रोसेसरला दुसऱ्याकडची रॅम वाचताना उशीर लागतो. पैसे देण्याआधी प्रोसेसरच्या झाकणाचा स्पष्ट फोटो मागा. २६८० व्ही४ वर ‘एसआर२एन७’ कोरलेलं असतं. तिथे ‘क्यू’ने सुरू होणारा कोड किंवा ‘कॉन्फिडेन्शियल’ दिसलं तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, परत करा.