नफ्याआधीच्या वर्षांचं काय?

भारतातल्या अर्थसंकल्पावरच्या चर्चा मी इथून, जर्मनीतून, न चुकता ऐकते. एक बाजू म्हणते, कर कमी करा, उद्योजक आपोआप नवं काही करतील. दुसरी म्हणते, सरकारने पैसा ओतल्याशिवाय कारखाने उभे राहत नाहीत. दोन्हीकडे डोळ्यांसमोर असतात मोठ्या कंपन्या. मला काळजी आहे ती पंधरा-वीस माणसांच्या कंपनीची, जिच्याकडे कल्पना आहे, नफा अजून नाही.

२०१९ मध्ये आपण कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. चांगलं केलं. पण हा दर घ्यायचा तर संशोधनावरच्या खास वजावटीवर पाणी सोडावं लागतं. ती वजावटही २०१७ पर्यंत खर्चाच्या दुप्पट होती, २०२० पासून खर्चाइतकीच उरली. आणि मुळात वजावट करायची कशातून? नफ्यातून. तोट्यातल्या कंपनीने ती पुढच्या वर्षांवर ओढायची. त्यातून या महिन्याचे पगार होत नाहीत. पीएलआयचे, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या सरकारी प्रोत्साहन योजनेचे, पैसेही बहुतेक वाढीव विक्रीवर, म्हणजे माल खपल्यावर मिळतात.

जर्मनीने २०२० पासून संशोधन भत्ता सुरू केला. यंत्रं बनवणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत तो मी जवळून पाहते. आधी लिहून द्यायचं, यात नवं काय आणि काम कुठे फसू शकतं. मग कोणत्या इंजिनिअरने त्या प्रकल्पावर कोणत्या दिवशी किती तास दिले, याचा तक्ता. काम किचकट आहे. पण त्या तासांच्या पगाराचे २५ टक्के, लहान-मध्यम कंपन्यांना २०२४ पासून ३५ टक्क्यांपर्यंत, करातून वळते होतात. कर तेवढा बसत नसेल तर उरलेली रक्कम खात्यात जमा होते, तोटा असला तरी.

जर्मनीचं सगळंच घेण्यासारखं नाही. २००० च्या कायद्याने सौर विजेला २० वर्षं ठरलेल्या दराची हमी दिली. पॅनेल जगभर स्वस्त व्हायला त्याचा मोठा हातभार लागला, पण क्यू-सेल्ससारखी इथली आघाडीची कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. पैसा वीज विकण्यावर मिळत होता, पॅनेल सुधारण्यावर नाही. पीएलआयबद्दल मला हीच भीती वाटते.

२०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन निधी मोठं पाऊल आहे. पण त्यातून मिळणार ते मुख्यतः स्वस्त कर्ज आणि भागभांडवल, तेही तंत्रज्ञान काही टप्पे पार करून आल्यावर. त्याच्या जोडीला छोट्या कंपन्यांना संशोधनाच्या पगारावर रोख परतावा द्या. तासांचे तक्ते मागा, तपासणी कडक ठेवा, पण विवरणपत्र भरलं की पैसे द्या. नफा होईपर्यंत थांबवू नका.