पूर्वमालकांचं पुण्यस्मरण

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली वाकून बघितलं तर काही दिसत नाही. पाय सीटच्या पाठीवर टाकायचे, पाठ सीटवर टेकायची आणि डोकं क्लच-ब्रेकच्या सान्निध्यात न्यायचं. शीर्षासनाचे निदान फायदे तरी सांगतात. इथे फक्त डोळ्यांत गंज पडतो. त्यात टॉर्च धरायला बायको आलेली असेल तर संवाद असा होतो :

"जरा डावीकडे धर."

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"उलटा पडलाय त्याच्या."

यानंतर टॉर्चचा उजेड रागाने छताकडे जातो.

गाडी साठच्या दशकातली, ब्रिटिश. दुखणं असं, की हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे जोडीने वर चढायचे. टाकी भरल्याचा आनंद आणि इंजिन उकळल्याचा धसका एकदमच. इंडिकेटर दिला की दोघं त्याच्या तालावर माना डोलवायचे. सल्ले भरपूर आले. टाकीतला फ्लोट बदला, थर्मोस्टॅट बदला, मीटरच नवे बसवा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. दोन साक्षीदार एकाच वेळी एकसारखं खोटं बोलत असतील, तर त्यांना पढवणारा एकच असणार.

तो म्हणजे मीटरमागची काडेपेटीहून लहान पत्र्याची डबी, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापते, वाकते, करंट तोडते. गार झाली की परत जोडते. या उघडझापीतून मीटरना सरासरी 10 व्होल्ट मिळतात, बॅटरीचा मूड काहीही असो. पण पट्टी तापायला डबीला अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट, मिळावा लागतो. अर्थ गेला की पट्टी तापत नाही, करंट तुटत नाही आणि बॅटरीचा सगळा जोर मीटरवर येतो. मग काटे आशावादी होतात.

म्हणजे शोधायचा होता एक अर्थ. पण त्याच्यापर्यंत पोचायला वाटेत पूर्वमालक होते.

मूळ वायरिंग बिचारं गरीब स्वभावाचं. ब्रिटिश गाड्यांत रंग ठरलेले : तपकिरी म्हणजे बॅटरीचा कायम करंट, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावरचा, हिरवी म्हणजे तोच पण फ्यूजमधून आलेला, जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेला कायमचा, काळी म्हणजे अर्थ. फ्यूज सगळे मिळून दोन. हेडलाइटला तर फ्यूजच नाही, ते देवाच्या भरवशावर. नकाशा एका कागदावर मावतो आणि संध्याकाळभर बघितला की पाठ होतो.

नकाशात नसते ती नंतरची वंशावळ. आमच्या गाडीच्या एका मालकाला लाल वायरीचं भलंमोठं रीळ कुठूनतरी मिळालेलं असावं. त्याने रेडिओ लाल, हॉर्न लाल आणि अर्थसुद्धा लाल वायरीने केला. दुसऱ्याचा सोल्डरवर विश्वास नव्हता. पिळायचं आणि टेप गुंडाळायची. त्या टेपचा आता काळा चिक झालाय, जो बोटांवरून नाकावर आणि नाकावरून सीटवर जातो. तिसरा सुधारणावादी. पूर्वी बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असे. त्याने ते फिरवून उणे केलं, रीतसर. फक्त अँमीटरच्या, म्हणजे बॅटरीत करंट जातोय की तिच्यातून निघतोय हे दाखवणाऱ्या मीटरच्या, मागच्या दोन वायरी अदलाबदल करायचं राहून गेलं. तेव्हापासून चार्जिंग सुरू असलं की अँमीटर डिस्चार्ज दाखवतो, आणि बॅटरी खरंच उतरत असली की तो खुशीत असतो.

चौथ्याने एक स्विच बसवला. क्रोमचा, देखणा, नाव नसलेला. दाबला तर काहीच होत नाही. त्याची वायर धरून निघालो. ती इंजिनाकडे गेली, रेडिएटरला प्रदक्षिणा घातली, दुसऱ्या भोकातून परत आत आली आणि ग्लोव्हबॉक्सच्या मागे हवेत संपली. टोकाला टेपचा फेटा. टेस्ट लॅम्प लावला तर लख्ख! थेट बॅटरीचा करंट, मध्ये फ्यूज नाही, आणि एवढा वनवास कशासाठी, तर काही नाही.

मग काढायला सुरुवात केली. बॅटरीची वायर आधी सोडायची, एका वेळी एकच वायर, दोन्ही टोकं मल्टीमीटरच्या बीपने पक्की करायची, मगच कात्री. नवीन काही जोडण्यापेक्षा मेलेली वायर ओढून काढण्यात जास्त सुख आहे, असं माझं मत झालंय. हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, जाडी निम्म्यावर आली. बायको बाहेरच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "एवढं काढल्यावर गाडी चालेल?" प्रश्न रास्त होता.

त्या जंगलाच्या तळाशी अर्थचा स्क्रू सापडला. कुणीतरी मागचा पत्रा फार मायेने रंगवला होता आणि स्क्रू रंगावरच आवळला होता. रंगातून करंट जात नाही, हे त्या मायेला कोण सांगणार? पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीसचा थर दिला आणि शिवाय एक काळी वायर थेट बॉडीला नेली. आधी दिवे लावले की मीटरची बॉडी आणि बॅटरीचं उणे टोक यांच्यात दोन व्होल्टच्या वर भरत होतं. आता तिथे जेमतेम काही भरतं. पेट्रोलचा काटा रिकाम्यापाशी येऊन बसला, आणि टाकी खरोखरच रिकामी होती.

तो क्रोमचा स्विच मात्र ठेवलाय. मागे काहीही जोडलेलं नाही. काढला तर डॅशबोर्डला भोक दिसतं. परवा मेहुणा शेजारी बसला होता. बोलता बोलता त्याने तो दाबला आणि थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "आता पिकअप बरा वाटतोय."