गाडी गेली, तारखा राहिल्या

आमच्या नारायणगावच्या कट्ट्यावर विषय टोमॅटोच्या बाजाराचा निघो, बिबट्याचा निघो नाहीतर राहुटीवरच्या तमाशाच्या सुपारीचा, घसरत घसरत येतो पुणे-नाशिक रेल्वेवरच. शेजारच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून आमच्याकडून जाणारा मार्ग शिर्डी-नगरकडून वळवल्यापासून तर दुसरं काही बोलणंच नाही.

"वळवलाबिळवला काही नाही," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे कडक इस्त्री, खिशाला दोन मोबाइल आणि दोन्ही दिवसभर मुके. "माझं वरती बोलणं झालंय. शब्द दिलाय."

"वरती म्हणजे? माळ्यावर?" नाना.

मास्तरांनी घसा खाकरला. आता दुर्बीण येणार हे सगळ्यांना ठाऊक. "अहो, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत खोडदला. अवकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो, त्यात विजेवरची गाडी दोनशेच्या वेगानं जवळून जायला लागली तर..."

"मास्तर, दुर्बिणीशी आपलं काही भांडण नाही," नाना म्हणाला. "28 फेब्रुवारीला पोरांना घेऊन मीच जातो की प्रदर्शनाला. पण ती काय परवा रात्री उगवली? रतन टाटांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण केली त्याला 2001 सालापासून इतकी वर्षं झाली. 235 किलोमीटरची रेघ मारणाऱ्याला ती दिसली नाही? खोडदच्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं, इथं कारखाना काढायचा म्हटलं तरी आधी दुर्बिणीला विचारावं लागतं."

"प्रक्रिया असते, नाना," अण्णा. "लोकांना विश्वासात घेऊनच..."

"कधी घेतलं? माझ्या रानात मोजणीचे दगड रोवले तेव्हा मी औषध फवारत होतो. पाठीवर पंप तसाच. विचारलं, कशाचं हो? तर म्हणाले, 'तुम्हाला कळेलच.'"

इथं मास्तर नानाच्या बाजूनं आले, हे विशेष. म्हणाले, रेल्वेचा स्वतःचा भूसंपादनाचा कायदा आहे आणि 2013 च्या भूसंपादन कायद्यानं तो चौथ्या अनुसूचीत घालून बाजूला ठेवलाय. रेल्वेच्या कायद्यानं जमीन घेतली तर गावावर काय परिणाम होईल याचा अभ्यासही करावा लागत नाही. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत रेल्वेमार्ग नाहीत, म्हणजे जनसुनावणी नाही. हरकतीला 30 दिवस मिळतात, पण ते रेघ ठरल्यावर.

"म्हणजे अक्षता पडल्यावर पोरगी पसंत आहे का विचारायचं," नाना म्हणाला.

"आणि विचारून तरी काय होतं?" पाववाल्या शेठनं मध्येच टाकलं. "गोव्यात कोकण रेल्वेला लोक उठले होते. काम थांबलं, ओझा आयोग बसला 93 ला. शेवटी मार्ग बहुतेक तोच राहिला ना?"

"राहिला. पण एका न्यायमूर्तीनं लोकांचं ऐकून तर घेतलं," नाना म्हणाला. "आपल्याकडं गाडी आली तेव्हा कुणी विचारलं नाही, गेली तेव्हाही नाही. हरकत घ्यायची तर एक दुर्बिणीनं घ्यायची."

यावर अण्णांकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी नानाच्या भावाचा विषय काढला. तो काढायला नको होता. थेट खरेदीत 25 टक्के जास्त मिळणार हे कळल्यावर दोघा भावांत वाटणीचा दावा लागला, हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

नाना तेवढ्यापुरता गप्प झाला. मग म्हणाला, "गाडी गेली नगरला. कोर्टातली तारीख मात्र जुन्नरलाच आहे. पाइपलाइन करायची होती, म्हटलं जमीनच जाणार, कशाला पैसे घाला. आता ना पाइपलाइन, ना मोबदला, ना भाऊ."

कट्टा क्षणभर अवघडला. मग नानानंच सोडवलं.

"पण आपलं काहीच नाही रे. अण्णांचं बघा. मोजणी होणार म्हणून रातोरात आंबा लावला. दोन-दोन फुटांवर! झाडागणिक मोबदला."

"ती घनपद्धत आहे. इस्रायलची," अण्णा म्हणाले.

"इस्रायलला ठिबक असतं, अण्णा. तुम्ही कलमं तरी घेतली का? सगळ्या कोयी! रसाच्या जेवणावळीतून गोळा केलेल्या!"

पाववाला शेठ हसता हसता खोकायला लागला.

"आणि आता त्यात माणूस शिरत नाही, वाघीण मात्र दोन पिल्लं घेऊन राहिलीय. वनखात्यानं पिंजरा लावला, तर पिंजऱ्यापर्यंत जायला वाट नाही!"

"तोडून टाकणार आहे," अण्णा पुटपुटले.

"तोडू नका! वरती बोलणं झालंय ना तुमचं? गाडी परत आली तर?"

मास्तर पुन्हा सिग्नलकडं वळू पाहत होते, पण ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं. अण्णांनी चिडून फोन कानाला लावला आणि "हां साहेब, बोला" म्हणत चहाचे पैसे न देताच निघाले. स्क्रीन काळीच होती, हे शेठनं पाहिलं.