प्रतिक्रियेला उत्तर : मी पाहुणी नाही

अंबाजोगाईच्या योगेश्वरी मंदिरावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय : ‘हेमाद्रीच्या आधीच्या बांधकामाला हेमाडपंती म्हणू नये. सकलेश्वराचं साल चुकलं आहे. मंदिराचा नकाशा नाही. नवरात्रापुरते येणारे पाहुणे असंच लिहिणार.’

आधी सालाचं. सकलेश्वराच्या देवळाचा, म्हणजे गावातल्या बाराखांबीचा, शिलालेख 1228 चा आहे, मी 1240 लिहिलं. चूक माझी. दुरुस्त केली.

पण ‘पाहुणे’? हे आपण कशावरून ठरवलंत? माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव मोमिनाबाद आहे, अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव. आईचा हात धरून मी पहिल्यांदा देवळात गेले ती आश्विनात नव्हे, मार्गशीर्षात. शुद्ध सप्तमी ते पौर्णिमा हा आमच्या देवीचा दुसरा उत्सव, बाहेरच्यांना तो फारसा ठाऊकही नसतो. पहाटेची फरशी इतकी गार असायची की मी आईच्या पावलांवर पाय ठेवून उभी राहायचे. ओटीतला नारळ घरी येईपर्यंत मीच सांभाळायचा, हा माझा हट्ट. कोकणातून कुलदेवीला आलेली कुटुंबं आमच्या माडीवर उतरायची, त्यांच्या आंघोळीचं पाणी आम्ही भावंडं तापवायचो. पाहुणे ते होते, आणि त्यांनाही आमच्या घरी कुणी या सुरात बोललं नाही.

हत्तीखाना म्हणतात त्या लेण्यांतल्या दगडी हत्तीच्या अंगावरून हात फिरवत आजी सांगायची, हे देवीचं वऱ्हाड. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागीच दगड झालं आणि देवी कुमारिकाच राहिली. मी लिहिते ते त्या हाताच्या भरवशावर. तुम्ही तिथे किती वेळा उभे राहिलात, तेही एकदा लिहा.

हेमाडपंतीबद्दल एवढंच : हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळातला, तेराव्या शतकातला, हे मलाही माहीत आहे. अंबरनाथचं देऊळ 1060 चं, त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेलं जुनं देऊळ दिसलं की आपल्याकडे हाच शब्द तोंडी येतो. मीही तोच वापरणार. नकाशा हा लेखाचा विषयच नव्हता.

चूक दाखवा, मी मान्य करीन, आत्ताही केली. पण मला माझ्याच गावात पाहुणी ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?