माया आहे, पण रात्री दुखलं तर काय? : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

'शेवटच्या आजारपणासाठी केंद्र निवडताना' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही रागावून लिहिलंय आणि त्या रागाच्या मागे काकू आहेत हे कळतं. म्हणून चार ओळींत न उरकता नीट लिहिते.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल. लेखात मी आपल्या भागातल्या एका केंद्राबद्दल, नाव न घेता, लिहिलं होतं: जागा स्वच्छ, माणसं मायाळू, पण जबर दुखण्यावरचं मॉर्फिन हे औषध ठेवत नाहीत आणि रात्री परिचारिका नसते, तेव्हा असह्य दुखणाऱ्या रुग्णाला मी तिथे पाठवणार नाही. त्यावर गुरुजींचं म्हणणं असं की देणग्यांवर चालणाऱ्या अशा कामाला इन्स्पेक्टरसारखे प्रश्न विचारणं हा कृतघ्नपणा आहे. ही मोजमापं परदेशी आहेत. मॉर्फिन म्हणजे अफू, माणसाला गुंगीत टाकून लवकर संपवायचा प्रकार. सिंधुदुर्गात मुळात आहेच किती, की निवडत बसावं? आणि आईबापांना घरीच सांभाळायला हवं. काकू शेवटी अशाच एका केंद्रात होत्या आणि तिथल्या मुलींनी त्यांना पेज भरवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं केलं, हेही त्यांनी लिहिलंय.

त्या मुलींबद्दल आधी. वेणी घालणं ही छोटी गोष्ट नाही. महिनोन् महिने अंथरुणावर असलेल्या बाईच्या केसांच्या जटा होतात, टाळू दुखते, माणूस उशीवर डोकं ठेवायला घाबरतो. रोज दहा मिनिटं बसून कुणी तो गुंता सोडवत असेल तर ती उत्तम शुश्रूषा आहे. सरकारी नोकरीत वॉर्डात उभी राहून आयुष्य गेलं माझं, हे काम करायला किती जण टाळाटाळ करतात ते पाहिलंय. त्या मुलींना माझा नमस्कार सांगा.

पण गुरुजी, कॅन्सर हाडात उतरला की होणारं दुखणं मायेने थांबत नाही. पाठीवरून कितीही हात फिरवा, ते थांबत नाही. त्याला औषध लागतं, योग्य मात्रेत, योग्य वेळी. औषधाचा बंदोबस्त नसताना नुसती माया असेल, तर ती माया करणाऱ्या मुलीचेही हाल होतात. रात्रभर ती हात धरून बसते आणि तिच्याजवळ देण्यासारखं काही नसतं.

मॉर्फिनबद्दल तुम्ही जे लिहिलंत तेच मला रुग्णांच्या मुलांकडून, सुनांकडून, एवढंच काय काही डॉक्टरांकडूनही ऐकावं लागतं, म्हणून इथे जरा जास्त थांबते. तोंडाने घ्यायच्या साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची असते, दुखायला लागण्याची वाट न बघता. सुरुवात लहान मात्रेने करतात आणि दुखणं आटोक्यात येईपर्यंत हळूहळू वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त जपून. पहिले काही दिवस झोप येते, मळमळतं, मग ते बहुतेकांचं कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच जोडीला द्यावं लागतं. केंद्राची परीक्षा घ्यायची तर एवढंच विचारून बघा: 'मॉर्फिन सुरू केलं की बरोबर काय देता?' ज्यांनी खरोखर रुग्ण सांभाळलेत त्यांच्या तोंडून पोट साफ होण्याच्या औषधाचं नाव लगेच येतं.

दुखण्याच्या प्रमाणात नीट वाढवत नेलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. शरीराला औषधाची सवय होते, हे खरं. म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. पण दुखण्यासाठी दिलेल्या औषधाने आजारी म्हातारी व्यसनी होत नाही. उलट दुखणं थांबलेला माणूस उठून बसतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. काकूंना ते मिळालं की नाही हे मी विचारत नाही, तो तुमचा खाजगी विषय आहे. पण ज्यांचे रुग्ण आज अंथरुणावर आहेत त्यांनी 'अफू' या शब्दाला घाबरून मागे सरू नये, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितेय.

ही भीती आपल्याकडे आली त्याला कारण आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. त्यात शिक्षा इतक्या कडक आणि परवान्यांचे कागद इतके, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत, औषधासाठी ती बाहेरच्या देशांत जाते. आणि आपल्या वाडीतल्या माणसाला गोळी मिळत नाही. २०१४ साली कायदा सुधारला. आता मॉर्फिनसह सहा औषधांसाठी संस्थेला राज्याच्या औषध प्रशासनाकडून मान्यता घेता येते. पूर्वीसारखे चार खात्यांचे परवाने लागत नाहीत. प्रशिक्षित डॉक्टर हवा, साठ्याचं रजिस्टर हवं, कपाट कुलूपबंद हवं. म्हणून 'मॉर्फिन का नाही?' हा प्रश्न मी विचारते. उत्तर 'कायद्याने मिळत नाही' असं आलं, तर समजायचं की त्यांनी गेल्या दहा वर्षांत चौकशीच केलेली नाही.

मोजमापं परदेशी आहेत म्हणता, तर त्यातलं एक सांगते. अमेरिकेत सरकारी विम्यावर अशी सेवा घेतलेला रुग्ण गेला की काही महिन्यांनी घरच्यांना एक प्रश्नावली येते. त्यात विचारतात, संध्याकाळी, शनिवार-रविवारी, सणावारी मदत लागली तेव्हा मिळाली का? दुखण्यावर पुरेशी मदत झाली का? शेवटच्या तीन दिवसांत परिचारिका किंवा समाजसेवक किमान दोन दिवस रुग्णाजवळ येऊन गेले का, याचाही तिथे हिशेब ठेवतात. यात परदेशी काय आहे, गुरुजी? कुडाळच्या बाईला रात्री दोनला दुखतं तसंच तिथल्या बाईला दुखतं. हे काम लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारपणासाठीचं असंच केंद्र, काढून नावारूपाला आणलं. त्या डॉक्टर होण्याआधी परिचारिका होत्या. दुखणं परत यायच्या आधी पुढची मात्रा, हा त्यांचा आग्रह. आणि आपल्याकडे १९८६ पासून वांद्र्याचं शांती आवेदना सदन हेच काम विनामूल्य करतंय. त्यांची एक शाखा गोव्यात लोटलीला आहे, म्हणजे सावंतवाडीकरांना मुंबईपेक्षा जवळ. आता ही आपलीच रीत झालीय.

आता रुग्णाला विचारण्याबद्दल. 'दहापैकी किती दुखतंय?' असं आपल्याकडच्या आजीला विचारलं तर ती तुमच्याकडे बघत राहते. मी आण्यांत विचारते. 'आजी, रुपया धरलात तर किती आणे दुखता?' मग उत्तर येतं. एका आजीने मुलगा खोलीत असेपर्यंत 'बरा आसा' एवढंच सांगितलं. तो चहाला बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, 'बारा आणे.' आणि मग म्हणाल्या, 'त्येका सांगा नको, तो रडता.' त्यांच्या उजव्या हाताची मूठ गादीच्या कडेवर आवळलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि कपाळावरची आठी बोलतानाही गेली नव्हती. केसपेपरवर त्या दिवशी लिहिलेलं होतं, 'रुग्ण स्थिर, तक्रार नाही.' चांगल्या केंद्रात दुखण्याचा आकडा ताप-बीपीसारखा लिहितात, पुन्हा विचारतात आणि औषध दिल्यावर तो खाली आला का तेही लिहितात. रुग्णाला भेटायला गेलात तर तो कागद मागून बघा. तिथे आकडा नसेल तर मुलींच्या चेहऱ्यावरचं हसू बघून ठरवू नका.

रात्रीचं तर सगळ्यात महत्त्वाचं. दिवसा सगळीकडे माणसं असतात. रात्री कोण असतं? ती बाई प्रशिक्षित आहे की नुसती सोबतीला? नेमाच्या वेळेच्या मधेच दुखणं उसळलं तर जादा मात्रा द्यायची लेखी परवानगी तिच्याकडे आहे का, की सकाळी डॉक्टर येईपर्यंत थांबायचं? श्वास घरघरायला लागला, माणूस तळमळायला लागला तर काय देतात? आणि हे नक्की विचारा: शेवटच्या तासाला तुम्ही रुग्णाला इथेच ठेवता की अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नाहीतर कोल्हापूरला पाठवता? बरं होण्यासारखं काही उरलेलं नसताना घाटातल्या वळणांवर माणसाचा जीव जातो, हे मी पाहिलंय. ज्या केंद्राला मरणाची धास्ती वाटते त्याने शेवटच्या दिवसांचे रुग्ण घेऊ नयेत.

आपल्या हवेचाही विचार करा. मृगाच्या पहिल्या वादळात तारा तुटल्या की वाडीत दोन-दोन दिवस वीज नसते. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, ऑक्सिजनचं यंत्रही विजेवर. पंप बंद पडला की गादी बसते आणि कमरेच्या हाडावर लाल चट्टा उठायला वेळ लागत नाही. मग दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हाताने, रात्रीसुद्धा. केंद्रात जनरेटर आहे का, आणि घरी भेट देणारं पथक असेल तर ते घरच्यांना कूस बदलायला, ओल्या कापसाने तोंड पुसायला शिकवतं का, हे पावसाळ्याआधी विचारायचं. ओढ्याला पाणी आलं की पथक येणार नाही, हे गृहीत धरून चार दिवसांची औषधं घरी ठेवायला सांगतं का, तेही.

घरी सांभाळायचं म्हणता, त्यात माझा विरोध कुठेच नाही. बहुतेकांना घरीच जायचं असतं, आपल्या माजघरात, आपल्या देवासमोर. पण गावात घरोघरी दोन म्हातारी माणसं उरलीत. मुलगा डोंबिवलीला, सून नोकरीला, रजा संपली की दोघं परत. सत्तरीतली बायको नवऱ्याची कूस दर दोन तासांनी कशी बदलणार? तिला दोष देता येत नाही, मुलालाही नाही. घरी येणारी परिचारिका आणि रात्री उचलला जाणारा फोन एवढं मिळालं, तर कितीतरी लोकांना केंद्रात जावंच लागणार नाही. (घरी माणूस गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण डॉक्टर देणार, हेही आधी ठरवून ठेवा. ऐनवेळी त्यासाठी धावपळ होते.)

राहिला प्रश्न, मुळात थोडंच आहे तर त्यात खोट का काढायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ज्यांना अशा काळजीची गरज आहे त्यांच्यापैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. थोडं आहे म्हणूनच मी विचारते. दुसरीकडे जायची सोय असती तर लोकांनी पाय काढता घेतला असता आणि केंद्राला आपोआप कळलं असतं. इथे तसं होत नाही. रुग्ण बोलू शकत नाही, घरचे उपकाराच्या ओझ्याखाली बोलत नाहीत, आणि तेरावं झाल्यावर कुणी मागे वळून विचारायला जात नाही. मग त्यांना कळणार कुठून की रात्री दोन वाजता काय कमी पडतंय?

तुम्ही लिहिलंय की त्या केंद्राच्या विश्वस्तांशी तुमचा घरोबा आहे आणि दरवर्षी काकूंच्या तिथीला तुम्ही तिथे देणगी देता. मग माझी एक विनंती आहे. यंदाची देणगी रात्रपाळीच्या प्रशिक्षित परिचारिकेच्या पगारासाठी म्हणून द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. विश्वस्तांना मॉर्फिनच्या मान्यतेचा अर्ज करायला सांगा. त्यांच्या डॉक्टरांना प्रशिक्षण घ्यायचं असेल तर मुंबईत टाटा हॉस्पिटलला किंवा पुण्यात वारज्याला सिप्लाच्या केंद्रात चौकशी करता येईल. अर्ज भरायला, रजिस्टर आखून द्यायला मी येईन, माझा काही खर्च नको. मान्यता मिळाली आणि रात्री परिचारिका राहू लागली, की त्या केंद्राचं नाव घालून मी इथेच नवा लेख लिहीन आणि माझ्याकडे येणारे रुग्ण तिथेच पाठवीन.