हात करताना गाडीची किंमत कशाला बघायची?

घोडबंदर रोडला किंवा पामबीचला समोरून मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी, आली की मी हात करतो, हायवेला असेन तर लाइट मारतो. आणि हल्ली सारखं जाणवतंय की समोरचा उलट हात करणार की नाही हे त्याची गाडी केवढ्याची आणि माझी केवढ्याची यावर ठरायला लागलंय. मला हे मनापासून खटकतं म्हणून लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे, निवांत वाचा.

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड ट्रॅव्हलर, आधी एका कंपनीची स्टाफ बस होती. आतलं काम वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतलं, कागदपत्रं रीतसर केली. तर मागच्या थंडीत मुरबाडच्या पुढे एका फार्मवर मोटरहोमवाल्यांचं गेट-टुगेदर होतं. तिथे ऐरोलीचे एक काका-काकू जुनी ओम्नी घेऊन आले होते. मागची सीट काढलेली, प्लायवूडचा बेड, खिडक्यांना मच्छरदाणी, पाच किलोचा छोटा सिलेंडर, बस्स. सगळ्या गाड्या गोलात लागल्या होत्या आणि काकांना सांगितलं की तुम्ही जरा तिकडे गेटपाशी लावा, ड्रोन शॉट घ्यायचाय. शांतपणे सांगितलं, हसून सांगितलं. काका काही बोलले नाहीत, गाडी रिव्हर्स घेतली आणि गेटपाशी नेऊन लावली. रात्री शेकोटीला पण दोघं कडेलाच बसली होती, कोणी विचारलं नाही की कुठून आलात, कुठे कुठे फिरलात. सकाळी नाश्त्याच्या आधी निघून गेले आणि नंतर कुठल्याच भेटीला आलेले नाहीत.

मी आणि बायको रात्री त्यांच्याकडे जाऊन बसलो होतो म्हणून सांगतो. त्या माणसाला अख्खा कोकण किनारा पाठ आहे. कुठल्या देवळाच्या आवारात रात्री गाडी लावू देतात, कुठल्या पेट्रोल पंपाचं टॉयलेट रात्री कुलूप लावून ठेवतात, कुठल्या गावात विहिरीचं पाणी आधी विचारून घ्यावं लागतं, उन्हाळ्यात कुठल्या गावाला पाण्याचीच ओढाताण असते म्हणजे तिथे टाकी भरायला मागूच नये. हे सगळं कुठल्या ॲपवर नाहीये हो. आणि ज्यांनी त्यांना गेटपाशी पाठवलं त्यांना हे कधी कळणारच नाही.

बाहेरच्या देशातही हे आहेच, आपण काही वेगळे नाही. फोक्सवॅगनची ती जुनी गोल तोंडाची बस १९५० ला आली, तिचे मालक रस्त्यात एकमेकांना हात करतात ही तिथली रीतच पडलीये, पण तो हात बऱ्याचदा फोक्सवॅगनपुरताच. अमेरिकेत काही आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे मोटरहोम लावून राहायच्या जागांमध्ये, १० वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत आणि काही ठिकाणी तर फक्त क्लास ए, म्हणजे बसएवढ्या मोठ्या गाड्यांनाच प्रवेश. मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते एअरस्ट्रीमवाल्यांनी, म्हणजे गाडीमागे ओढायच्या त्या अमेरिकन चंदेरी घरांच्या मालकांनी. वॉली बायम या एअरस्ट्रीमच्या संस्थापकाच्या नावाने १९५५ मध्ये क्लब सुरू झाला, मेंबरच्या गाडीवर मोठ्या लाल आकड्यांत नंबर, म्हणजे तो नंबर डिरेक्टरीत शोधायचा, नाव-गाव कळतं, आणि अनोळखी माणसाला जाऊन नावाने हाक मारायची. किती सुंदर कल्पना आहे ही! पण त्याच क्लबचं दार कित्येक वर्षं फक्त एअरस्ट्रीमच्या मालकालाच उघडं होतं. म्हणजे माया आणि कुंपण दोन्ही एकाच ठिकाणी.

पण त्यांचं एकमेकांवाचून अडत नाही. फ्रान्समध्ये अशा गाड्या लावायला गावोगावी नगरपालिकेच्या जागा आहेत, जर्मनीत तसंच, बऱ्याच ठिकाणी पाणी भरा, टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, रिकामी करा, पैसे द्या आणि झोपा. शेजारच्याशी नाही बोललात तरी चालतं. आपल्याकडे २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन, म्हणजे अशाच राहायच्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात त्या लावायच्या कॅराव्हॅन पार्कचा विचार आहे, चांगली गोष्ट आहे, पण आज रात्री नऊ वाजता अंधारात गाडी कुठे लावायची याचं उत्तर पेट्रोल पंप, ढाबा, देवस्थान किंवा कोणाचीतरी वाडी हेच आहे. आणि ते उत्तर मिळतं कोणाकडून, तर आधी तिथे झोपलेल्या माणसाकडून. मग तो ओम्नीत झोपला होता का बंगल्यासारख्या गाडीत, काय फरक पडतो?

आता दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला पटतं, ते सांगायलाच पाहिजे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक निकाल दिलाय. ज्यांनी लाखो रुपये आणि आरटीओच्या खेपा घालून सगळं नियमात बसवलं त्यांना वाटतं की कोणीतरी छत कापून, गॅसची पाइप कशीही फिरवून घेतो आणि मग संशयाने सगळ्यांकडेच बघितलं जातं. बरोबर आहे. गॅस ही चेष्टा नाही, बंद गाडीत लीक झाला तर माणसं जातात. पण मग त्याला बाजूला बसवून समजावा ना, रेग्युलेटर बघा, सिलेंडर कुठे ठेवलाय बघा, खाली व्हेंट आहे का बघा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो. गेटपाशी पाठवल्याने सिलेंडर सेफ होत नाही.

आणि ही अकड फक्त मोठ्या गाडीवाल्यांचीच असते असं पण नाहीये. जुगाड गाडीवाले मोठ्या गाडीवाल्यांना "हॉटेल घेऊन फिरतात, ह्यांना काय कळणार रस्ता" असं सर्रास बोलतात, ते पण तितकंच चुकीचं आहे. आमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गाडीत टॉयलेट आहे म्हणून ती माझ्याबरोबर गुहागरपर्यंत येऊ शकली, नाहीतर घरीच बसली असती. कोणाच्या गाडीत काय आहे याच्यामागे त्या घराचं काहीतरी कारण असतं. आणि मला रस्त्यात सगळ्यात जास्त मदत केली ती खारघरच्या एका जोडप्याने, त्यांची गाडी अगदी महागातली, महाडच्या अलीकडे भर पावसात आमचं बॉनेट उघडं बघून थांबले, कूलंट दिलं, चहा केला, मेकॅनिक येईपर्यंत हलले नाहीत. तेव्हा प्रश्न पैशाचा नाहीच.

ट्रकवाल्यांबद्दल तर मला जास्तच बोलायचंय. आपल्यातले काही जण सरळ म्हणतात, "ट्रक लागतात तिथे नको थांबायला." का बरं? कळंबोलीला जा, उरणला जेएनपीटी बंदराच्या बाहेर जा, माणसं वर्षानुवर्षं केबिनमध्ये झोपतायत, गाडीच्या सावलीत स्टोव्हवर डाळ शिजवतायत. आपण ज्याला हौस म्हणतो ते त्यांचं रोजचं जगणं आहे, आणि ते किती कष्टाचं, तर ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तोच मुळी १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. आम्ही एकदा शहापूरच्या पुढे ढाब्यावर जेवत होतो, शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर स्वतःहून म्हणाला, "दादा, कसाऱ्यात गाडी पलटी झालीये, आत्ता चढू नका, लेकरू आहे सोबत, इथेच झोपा." आणि स्वतःचा ट्रक थोडा सरकवून आमच्या गाडीला भिंतीच्या बाजूची जागा करून दिली. अशा माणसाच्या शेजारी झोपायला कमीपणा कसला वाटतो?

गावातल्या लोकांशी वागण्याचं पण तेच. किनाऱ्यावर रात्री अकरापर्यंत जनरेटर चालवायचा, भांड्यांचं पाणी वाळूत सोडायचं, आणि सकाळी कोणी बोललं तर "आम्ही टुरिस्ट आहोत" म्हणायचं. दुसऱ्या वेळी त्या गावात मी गेलो की "काका, रात्रीपुरती गाडी लावू का" विचारल्यावर नाही म्हणतात, आणि त्यांचं काय चुकलं?

तर पुढचं ठरतंय ते सांगतो. डिसेंबरात माळशेजच्या अलीकडे एक रात्र जमायचं, शेतमालकाशी बोलणं झालंय. ओम्नी, ईको, ट्रॅव्हलर, फॅक्टरी मेड, नुसती कार आणि तंबू, कोणीही या. जो आधी येईल तो पाहिजे तिथे गाडी लावेल, ड्रोन नाही, जनरेटर नाही, टॉयलेटची कॅसेट तिथे रिकामी करायची नाही. ऐरोलीच्या काकांना मी स्वतः फोन करणार आहे. यायचं असेल त्यांनी इनबॉक्स करा, आणि गाडी कुठली ते नका सांगू, किती माणसं जेवायला ते सांगा.